मनुबाईच्या डोक्यावरचा स्लॅब

शिराळ्यापासून चार मैलांवरच्या वाडीत मनुबाई साळुंखे हे नाव प्रश्नांसाठीच माहीत होतं. एकतीस वर्षं अंगणवाडी चालवलेली बाई. खाऊचं पोतं आलं की वजन विचारायची, डॉक्टर आले की सुई नवी आहे ना विचारायची. साहेब लोक तिला वचकून असत. गेल्या वर्षी ती निवृत्त झाली आणि सगळ्या वाडीनं सुस्कारा सोडला. मग तिनं घरावर सोलर बसवायचं काढलं आणि हे प्रश्न सांगलीच्या सम्मेद चौगुलेच्या वाट्याला आले.

सम्मेद सोलर बसवणाऱ्या एका कंपनीचा माणूस. गावोगाव जाऊन छपरं मोजायची, लोकांच्या शंका फेडायच्या, हे त्याचं काम. जैनाचं पोर, बोलायला मऊ, पण खोटं बोलायचं नाही असा बाणा. मनुबाईनं त्याला पहिल्या खेपेला अर्धा दिवस धरून ठेवला. पावसाळ्यात आभाळ भरलं की काय करायचं? वीज कमी तयार होते, पण होते, तो म्हणाला. गारा पडल्या तर? काच जाड असते, साध्या गारांनी फुटत नाही. धूळ कुणी पुसायची? पंधरवड्यातनं एकदा सकाळच्या वेळी नुसतं पाणी मारायचं, तापलेल्या काचेवर मारायचं नाही. आणि लाईन गेली तर दिवे राहणार ना? इथं बाकीचे कंपनीवाले मान डोलावून मोकळे होतात. सम्मेदनं सांगितलं की बॅटरी नसलेलं हे सोलर लाईन गेली की बंद पडतं, ऊन कितीही असो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून ते तसंच केलेलं असतं. मनुबाईनं हे ऐकलं आणि त्याला जेवायला वाढलं. त्या दिवशी तिचा त्याच्यावर विश्वास बसला.

दुसऱ्या खेपेला तिनं खरा प्रश्न विचारला. ह्याचं वजन किती, आणि भुई हलली तर काय?

तो प्रश्न कुठून आला होता ते सम्मेदला ठाऊक नव्हतं. मनुबाईचं माहेर कोयनानगरच्या वरच्या अंगाला. सदुसष्ट सालच्या भूकंपात ती आठ वर्षांची होती. पहाटे दगडमातीची भिंत आत पडली, ती आईवर. मनुबाई दाराशी झोपली होती म्हणून वाचली. त्यानंतर लग्न होऊन इकडं येईपर्यंत तिनं घराच्या छपराखाली पाठ टेकली नव्हती. पावसात गोठ्यात, एरवी अंगणात. इकडं आल्यावरही तेच. वारणेच्या खोऱ्यात अधूनमधून हादऱ्यानं भांडी वाजतातच. भांडं वाजलं की ही पोरीला काखेत मारून बाहेर. नवरा गुंडा साळुंखे फौजेत हवालदार. सुट्टीवर आला की तोही बायकोबरोबर अंगणात बाज टाकायचा, तिला कधी हसला नाही. चौऱ्याण्णव साली फौजेतनं परत आला आणि पहिलं काम काय केलं, तर जुनं घर पाडून स्लॅबचं घर बांधलं. सळ्या बांधताना तिला वर नेऊन एकेक जोड दाखवला. म्हणाला, ह्यो लोखंडाचा पाळणा हाय, हललं तरी पडायचा न्हाई. त्या घरात मनुबाई पस्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा कडी लावून झोपली.

सम्मेदनं वजन सांगितलं. सहा पॅनेल, एकेक अठ्ठावीस किलोचं, त्यात लोखंडी सांगाडा आणि वाऱ्यानं उचलू नये म्हणून पायांशी काँक्रीटचे ठोकळे. सगळं मिळून पाच-सहाशे किलो, पण विभागून. चांगल्या स्लॅबला काही नाही. मग तो गच्चीवर गेला आणि बराच वेळ खाली आला नाही. गच्चीच्या एका कोपऱ्यात पाणी साचल्याच्या खुणा होत्या. भेगांत पांढरं सिमेंट भरलेलं होतं, एकदा नव्हे, दोन-तीनदा. खाली आल्यावर त्यानं विचारलं की स्लॅब खालून बघता येईल का. तर खाली सगळ्या झोपायच्या खोलीला पीओपीचं पांढरंशुभ्र सिलिंग. सात वर्षांपूर्वी हवालदारांनी हौसेनं केलेलं, मनुबाई म्हणाली. हौस हा शब्द तिनं मुद्दाम वापरला, कारण त्या माणसाला हौस अशी दुसरी कुठलीच नव्हती.

सम्मेद म्हणाला, एक दिवा काढतो, त्या भोकातनं मोबाईल वर घालून व्हिडिओ घेतो. तो स्टुलावर चढला. हात वर घालून त्यानं मोबाईल गोल फिरवला, खाली घेतला आणि स्टुलावरच उभा राहून बघायला लागला. बघून झालं तरी उतरेना.

"काय हाय?" मनुबाईनं विचारलं.

तो उतरला आणि आधी तिला हाताला धरून खोलीबाहेर ओसरीवर घेऊन आला. मग म्हणाला, "मावशी, आज रात्रीपासून या खोलीत झोपू नका."

तिनं त्याच्या हातातनं मोबाईल ओढून घेतला. पडद्यावर अंधार, त्यात मोबाईलच्या बत्तीचा उजेड. वर स्लॅब म्हणायला काही उरलंच नव्हतं. काँक्रीटचा खालचा थर गळून गेलेला, सळ्या उघड्या पडलेल्या, गंजून सुतळीएवढ्या झालेल्या, काही मधेच तुटून लोंबत होत्या. गळालेलं काँक्रीट खाली आलं नव्हतं, कारण मधे लोखंडाची जाळी होती आणि ती जाळी तोलायला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोन लोखंडी अँगल टाकलेले होते. जाळीत परडीभर नव्हे, दोन-तीन पाट्या खडीचा ढीग साठला होता. उजेड अँगलवरनं सरकला तेव्हा मनुबाईनं मोबाईल डोळ्यांजवळ नेला. अँगलला निळा रंग होता. फाटकाला होता तोच, गोठ्याच्या दाराला होता तोच. पत्र्याच्या पेटीपासून बादलीपर्यंत गुंडा हवालदार तो एकच निळा लावायचा. दुकानदार त्याच्यासाठी डबा बाजूला ठेवायचा.

म्हणजे त्याला माहीत होतं.

मनुबाई ओसरीच्या पायरीवर बसली. सम्मेदनं पाणी आणून दिलं, तांब्या तिच्या हातातनं सुटून पायरीवरून गडगडत अंगणात गेला.   मग ती एवढंच म्हणाली की धुळाला बोलवा.

धुळा गवंडी, हवालदारांच्या बैठकीतला माणूस. घराचं सगळं काम त्याच्या हातचं. तो आला, ओसरीवरचा मोबाईल आणि काढलेला दिवा पाहिला आणि चप्पल न काढताच थांबला. कुणी काही विचारायच्या आतच त्याला कळलं होतं. मग त्यानं सगळं सांगितलं. सात वर्षांपूर्वी मनुबाई अंगणवाडीत असताना भरदुपारी स्लॅबचा घमेल्याएवढा तुकडा खोलीच्या मधोमध पडला. गुंडानं तो उचलून ओढ्यात टाकला, खोली झाडली आणि धुळाला बोलावलं. धुळानं बघताक्षणी सांगितलं होतं की स्लॅब पाडायला पाहिजे, दुसरा इलाज नाही.

"मी लय सांगितलं, वैनी," धुळा म्हणाला. "हवालदार म्हणले, तिला कळलं तर ती परत अंगणात जाऊन झोपंल. पंचवीस वर्सांनी तिच्या मनातलं भ्या गेलंय. ते परत आणायचं न्हाई. तू जाळी बांध, त्याखाली सिलिंग कर, आन् तोंड बंद ठेव. माज्याकडनं शपथ घेतली त्यांनी."

पुढच्या वर्षी पाडू, मग पोरगी बाळंतपणाला आली, मग करोना आला, मग पुढच्या उन्हाळ्यात पाडू, असं चाललं. आणि तीन वर्षांपूर्वी बाजारातनं येताना हवालदारांना रस्त्यातच छातीत कळ आली, घरी पोचलेच नाहीत.

मनुबाई ऐकत होती. ऐकता ऐकता तिला आठवायला लागलं, आणि एकेक आठवण अंगावर वीट पडावी तशी पडायला लागली. सिलिंग झालं त्याच आठवड्यात गुंडानं तिची बाज उचलून भिंतीला लावली होती, तुळईच्या बरोबर खाली. म्हणाला, पंख्याचं वारं तुझ्या गुडघ्याला बाधतं. स्वतःची बाज टाकली मधोमध. ती त्यावर आठवडाभर धुसफुसली होती, की म्हातारपणी ह्याला पंख्याखालचं वारं एकट्याला पाहिजे झालंय. तो नुसता हसला होता.

आणि तो गेल्यावर तिनं स्वतःची बाज माळ्यावर टाकली आणि त्याच्या बाजेवर झोपायला लागली. मधोमध.

"धुळा," ती म्हणाली, "तीन वर्सं मी कुटं झोपतीया, ठाव हाय का तुला?"

धुळाला ठाऊक नव्हतं. तिनं सांगितलं. तो मटकन खाली बसला. दोन्ही हात त्यानं डोक्यावर ठेवले. सम्मेदही भिंतीला टेकला. 

मुलगी संयोगिता कराडला शिक्षिका. ती दुसऱ्या दिवशी धावत आली. तिला वाटलं होतं आई रडत असेल. आई रडत नव्हती. आई गोठ्याच्या पत्र्याखाली बाज टाकून बसली होती आणि घराकडं असं बघत होती, जसं काही ते घर कुणा परक्याचं आहे आणि आत्ता कुठं नजरेस पडलंय. संयोगितानं बाबांची बाजू घ्यायचा प्रयत्न केला. तुझ्यासाठीच केलं ना, स्वतः मधे झोपायचे ना. मनुबाई म्हणाली, "त्याचा जीव त्यानं मधी ठेवला, ते खरं. पर मला एकदा इचारायचं हुतं. आख्ख्या जगाला मी इचारत फिरले, आन् माज्याच डोक्यावरचं मला कुणी सांगितलं न्हाई." एवढं बोलून ती उठून गुरांना वैरण टाकायला गेली. धक्का असा बसला होता की राग नेमका कुणावर काढायचा हेच तिला उमगत नव्हतं. गेलेल्या माणसावर रागावलं की लगेच ती मधोमधची बाज डोळ्यांपुढं यायची आणि राग अर्ध्यात मोडायचा.

सम्मेदनं सांगलीहून ओळखीचा इंजिनिअर आणला. त्यानं छोट्या हातोडीनं ठिकठिकाणी ठोकून पाहिलं. कुठं टणक आवाज आलाच नाही, सगळीकडं भद्द. गच्चीचा पाणी जायचा पाईप बुजला होता, वर्षानुवर्षं पाणी मुरलं होतं. त्यानं स्लॅब पाडायला सांगितला, आणि तो पाडेपर्यंत आत पाऊल टाकायला सगळ्यांनाच बंदी केली. पाडायचं काम कुणाला द्यायचं असं संयोगितानं विचारलं, तेव्हा मनुबाई म्हणाली, धुळाला. पोरीला ते पटलं नाही. मनुबाई म्हणाली की कुठं काय लपवलंय ते त्याच्याइतकं कुणाला माहीत आहे?

पाडायच्या दिवशी ती रस्त्यापलीकडं आंब्याखाली खुर्ची टाकून बसली. सगळ्यांनी शेजारणीच्या घरात जाऊन बस म्हणून सांगितलं, तरी हलली नाही. धुळाच्या माणसानं भिंतीवर उभं राहून पहिला घण घातला. एकच. घण पुरता बसलाही नव्हता, तोवर बाजेएवढा तुकडा सुटला आणि जाळी, अँगल, सिलिंग सगळ्यासकट खाली खोलीत गेला. जमीन हादरली. खिडक्यांतनं पांढरा लोट बाहेर आला आणि आंब्यापर्यंत पोचला. बायका किंचाळल्या.  खुर्चीचे दांडे मनुबाईनं इतके घट्ट धरले होते की नंतर संयोगितानं एकेक बोट सोडवलं. धूळ खाली बसल्यावर दिसलं. तुकडा बरोबर मधोमध पडला होता. भिंतीकडंचा, तुळईखालचा चौकोन मोकळा होता. तिथं नुसती धूळ.

ती उठून आत गेली, कुणी थांबवायच्या आत. त्या मोकळ्या चौकोनात उभी राहिली, ढिगाऱ्याकडं पाहिलं, तुळईकडं पाहिलं, आणि तिथं तिला पहिल्यांदा रडू आलं. आईच्या वेळचं आणि नवऱ्याच्या वेळचं, दोन्ही एकदमच आलं असावं. धुळा बाहेर पाठमोरा उभा राहिला.

पुन्हा स्लॅब घालायला ती तयार झाली नाही. भिंती इंजिनिअरनं तशाच ठेवायला सांगितल्या, वर छप्पर पेलणाऱ्या लोखंडी कैच्या आणि जाड पत्रा आला. आतून सिलिंग नाही. पत्रा, बोल्ट, वेल्डिंगचा डाग, सगळं उघडं दिसलं पाहिजे ही तिची अट. कैच्या टाकतानाच सोलरचं वजन हिशेबात धरलं आणि दक्षिणेकडचा उतार तेवढा मजबूत केला. चार महिने ती गोठ्याशेजारी राहिली. दसऱ्यानंतर पॅनेल चढले, मग मीटर बदलायला माणूस आला, आणि एका लख्ख दुपारी सम्मेदनं बटण वर केलं. मीटरवरचे आकडे सरकायला लागले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मनुबाईनं मात्र मान वर करून प्रत्येक कैचीचा जोड पुन्हा एकदा नजरेनं मोजला आणि मगच पेढा तोंडात घातला.

हवालदारांचा फोटो नव्या घरात लावायचा का, हे संयोगितानं भीतभीतच विचारलं. लाव, मनुबाई म्हणाली, पर मी आजून त्याच्याशी बोलत न्हाई.

आता वाडीतल्या बायका तिच्याकडं सोलरचं विचारायला येतात. ती पाऊस, गारा, धूळ सगळं सांगते, लाईन गेली की बंद पडतं हेही सांगते. पण कुणाच्या घरी सिलिंग आहे म्हटलं की आधी ते उघडायला लावते. भावकीतल्या जयराजचं घर बारा वर्षांचं, वर नक्षीचं सिलिंग. त्याला ती म्हणाली, एक दिवा काढून आत बघ. तो चिडला, माझ्या घराला नावं ठेवता म्हणाला, आठवडाभर त्यानं रस्ता बदलला. मग आठवड्यानं स्वतःच सम्मेदला बोलावून त्यानं सिलिंग उघडलं. स्लॅब ठणठणीत निघाला, एक भेगही नव्हती. तो मोठ्यानं बोलत फाटकाशी आला, बघ म्हातारे, उगाच भोक पाडायला लावलंस. मनुबाईनं त्याला आत बोलावलं, त्याच्या मोबाईलमधला स्लॅबचा व्हिडिओ दोनदा नीट पाहिला, आणि त्याच्यासाठी चहा टाकायला उठली.