काकांनी स्टिअरिंग सोडलं तेव्हा

भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात आम्ही तिघांनी कंपनी काढली, तेव्हा आईला काय सांगावं तेच कळेना. "ड्रायव्हरशिवाय चालणारा ट्रक बनवतोय," म्हटलं, तर ती म्हणाली, "आणि समोर म्हैस आली तर?" पुढची काही वर्षं आम्ही त्याचंच उत्तर शोधत होतो.

तिघं म्हणजे मी, माझी कॉलेजातली मैत्रीण आणि तिचा नवरा. एक जुना ट्रक घेऊन आम्ही त्यावर कॅमेरे बसवले, आत कॉम्प्युटर ठेवला. चाचणीला सकाळी भाईंदरजवळच्या डोंगरी गावाच्या रस्त्यावर जायचो. सीटवर आमचे ड्रायव्हरकाका असायचेच. ट्रक गोंधळला की स्टिअरिंग त्यांनी धरायचं. सुरुवातीला तो कशालाही बिचकायचा. रिक्षा आडवी आली, थांबला. कडेला वाळत घातलेलं जाळं दिसलं, थांबला. तिथल्याच पाली गावातली एक मावशी मासळीची पाटी घेऊन शेजारून जाताना हसायची, "चालते का न्हाय गो तुमची नवरी?"

एक दिवस चालली. डोंगरीपासून भाईंदर पश्चिमेच्या बाजारापर्यंत काकांनी मांडीवरचे हात उचललेच नाहीत. पुढची बस थांबली, ट्रक थांबला. बस निघाली, ट्रकही निघाला. मैत्रीण मागे बसून रडत होती. काकांनी हळूच विचारलं, "मॅडम, आता मी काय करू?"

"गप्प बसून राहा, काका!" आम्ही तिघंही एकदम ओरडलो.

मग गुंतवणूकदार आले, पेपरात फोटो आला. शेजारचा गाळा घेतला, नवीन मुलंमुली आली. दर आठवड्याला कुणाचा तरी केक कापला जायचा. आई शेजारणींना कात्रण दाखवायची. मला अजूनही त्या गाळ्यातला तापलेल्या वायरींचा आणि केकचा मिसळलेला वास आठवतो.

पण जोरदार पावसात कॅमेऱ्यांना दिसेनासं व्हायचं, आणि माणसाशिवाय ट्रक रस्त्यावर आणायची परवानगी काही मिळेना. आमचे ट्रक घेणार होती ती माल वाहतुकीची कंपनी मागे हटली. तिच्या मागोमाग गुंतवणूकदारही. मैत्रिणीने सगळ्यांना बोलावून सांगितलं. कुणी भांडलं नाही. एका मुलीने फक्त विचारलं, "म्हणजे उद्या यायचं नाही?"

ट्रक विकला. काका आता स्कूलबस चालवतात, मी कांदिवलीला नोकरी करतेय, ते दोघं पुण्याला गेले. मागच्या महिन्यात मैत्रीण आली, तेव्हा आम्ही गाळ्यापर्यंत चालत गेलो. तिथे आता प्लॅस्टिकचे डबे बनतात. आम्हाला दारात उभं असलेलं पाहून आतल्या माणसाने विचारलं, "किससे मिलना है?"

"किसीसे नहीं, भैया," ती म्हणाली. मग माझा हात धरून मला पाणीपुरी खायला घेऊन गेली.