नामजोशींनी मला सांगितलं नाही

जयंत नामजोशी यांनी मला फसवलं, आणि माझ्या घरचा चहा पीत पीत फसवलं. माणूस वारला म्हणून मी हे वाक्य मऊ करणार नाही. डोंगरातल्या कुडपण गावाहून खाली उतरलो तेव्हा अंगावरच्या कपड्यांपलीकडे माझ्याकडे काही नव्हतं. महाडच्या बाजारात पंप आणि पाइप विकून उभा राहिलो. कुठल्या व्यापाऱ्याला, कुठल्या एजंटाला मला गंडवता आलं नाही. या एका शिकल्यासवरल्या माणसाला आलं.

एका कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त होऊन ते आमच्या आळीत राहत. संध्याकाळी त्यांच्या ओटीवर आळीतली लहान पोरं जमत. फी नव्हती, फळा नव्हता. आधी एखादी मोडकी वस्तू उघडायची, मग पेटीवर सूर धरायचे, शेवटी गोष्टीचं पुस्तक. "शाळा उत्तरं देते," ते म्हणायचे, "मी वस्तू देतो. उत्तर तुमचं तुम्ही शोधा, नाहीतर घरी जा."

जीभ म्हणजे कातरी. वाचताना अडखळणाऱ्या पोराला म्हणायचे, "जा, शेजारच्या बोकडाला वाचून दाखव. तो चुका काढणार नाही." कुणी मेहनतीने सायकलचा डायनॅमो जोडून दिवा पेटवला, की सगळ्यांसमोर तारा उपटून टाकायचे. "एकदा पेटला तो नशिबाने. आता अकलेने पेटव." पोरगं रडायला लागलं, तर विचारायचे, "या पाण्यावर दिवा लागणार आहे का?" तरी पोरं दुसऱ्या दिवशी हजर. मीही त्या ओटीवर टेकायचो. घरी मुलांना असं कुणी शिकवतं, हे मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

रेश्माला, माझ्या एकुलत्या एका मुलीला, मीच तिथे नेऊन बसवली. पाच वर्षांची होती. बोलायची बोबडी. 'स' तिच्या तोंडात यायचाच नाही. सांगूला आंगू, साखरेला आखर. "दात पडून नवे आले की सुधारेल," बायको म्हणायची.

पहिल्या दिवशी नामजोशींनी पेटीवर सूर धरला आणि म्हणाले, "सा म्हण."

"आ," रेश्मा म्हणाली. पोरं फिदीफिदी हसली.

नामजोशी हसले नाहीत. त्यांनी रुमालाने स्वतःचं तोंड झाकलं आणि तिला काहीतरी विचारलं. ती गप्प. रुमाल काढून तेच विचारलं. तिने ताबडतोब उत्तर दिलं. मी पायरीवर चपला घालत होतो. मला वाटलं, काहीतरी खेळ आहे.

त्यानंतर त्या ओटीवरच्या बऱ्याच गोष्टी बदलल्या. येरझाऱ्या घालत गोष्ट वाचणारे नामजोशी एका जागी, रेश्मासमोर बसून वाचू लागले. पेटी वाजताना तिने लाकडाला गाल टेकून बसायचं, असा नियम झाला. आणि एके दिवशी त्यांनी झुपकेदार मिशी काढून टाकली. आळीने हैराण केलं.

"नामजोशी, म्हातारपणी हिरो व्हायचंय काय?"

"उकडतं," ते म्हणाले.

मीही हसलो होतो.

पोरगी मात्र फुलली. पहिलीत जायच्या आधी धडाधड वाचायला लागली. दुकानात दुरुस्तीला आलेल्या मोटारीवर तळवा ठेवायची आणि बेअरिंग गेलंय की नाही ते सांगायची. बाकीचे कान लावून ऐकत, ही हात लावून. मी गिऱ्हाइकांना मुद्दाम दाखवायचो. पाचाडचा एक शेतकरी म्हणाला, "शेट, पोरगी हाय का मोटारीची वैदीण?" दुकान हसलं. नामजोशी तेव्हा बाकावर बसून माझा चहा पीत होते. बशीत बघत राहिले.

रेश्मा चौथीत असताना मेव्हणा मुंबईहून येणार म्हणून आम्ही रिक्षाने वीर स्टेशनला गेलो. ती फलाटाच्या कडेला उभी होती, पाठमोरी. न थांबणारी गाडी शिट्टीवर शिट्टी फुंकत आली. फलाटावरची सगळी माणसं मागे सरली. रेश्मा सरली नाही. मी झेप घेऊन तिला दंडाला धरून ओढली आणि थोबाडीत मारायला हात उचलला. ती माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "बाबा, जमीन हलली तेव्हा मला कळलं. मी मागे होणारच होते."

माझा हात तसाच वर राहिला.

मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, कानाची नस लहानपणापासून कमजोर. "आधी का नाही आणलंत? पाचव्या वर्षी यंत्र लावलं असतं, तर बोलणं साफ झालं असतं. आता लावू, पण गेलेली वर्षं परत मिळत नाहीत."

महाडला उतरलो तो थेट नामजोशींच्या ओटीवर.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"बसा."

"बसत नाय. ठाऊक होतं का?"

"होतं. पहिल्याच दिवशी कळलं." त्यांच्या पत्नी माई आतल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "हिलाही तेव्हाच सांगितलं," ते म्हणाले.

"मग सांगितलं का नाय?"

"तुमची बहीण मुकी होती, तिला शाळा न दाखवता गुरांमागे घातली, हे तुम्हीच इथे बसून मला सांगितलंत. मी ठरवलं, या घराला कळू द्यायचं नाही. आधी पोरगी वाचायला लागू दे."

"ते माझ्या बापाने केलं, मी नाय!"

"बाप काय, मुलगा काय. घर तेच."

"अहो, गिऱ्हाईकसुद्धा आधी भाव विचारतं, मग पाठ फिरवतं! तुम्ही मला विचारलंत एकदा तरी?"

"विचारून काय मिळालं असतं? आरडाओरडा. आत्ता मिळतोय तोच."

मी पेटी उचलली आणि ओटीवरून अंगणात फेकली. माई "अगं बाई" म्हणाल्या. नामजोशी जागचे हलले नाहीत.

दुसऱ्या संध्याकाळी रेश्मा माझ्या दुकानातला पेचकस आणि डिंक घेऊन तिकडेच गेली. दोघं पेटी जोडत बसली. मी तिला अडवलं नाही. त्यानंतरही कधी अडवलं नाही. कानाला यंत्र लावून तिची शाळा चालू ठेवली, पुढे डिप्लोमाला पाठवलं. हे सगळं नामजोशींनी डोळ्यांनी पाहिलं. माझ्याबद्दल आपला अंदाज साफ चुकला, हे त्यांना दिसलं. तरी मरेपर्यंत "चुकलो" हा एक शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. समोरून येताना दिसलो, की म्हणायचे, "काय शेठ, ओरडणं कसं चाललंय?"

त्यांच्या शोकसभेत जुन्या पोरांनी डोळे पुसले. रेश्माही बोलली. अजून तिचा 'स' नीट उमटत नाही. मागच्या रांगेत दोन पोरी एकमेकींना कोपरं मारून हसल्या. ती नामजोशींचे उपकार सांगत होती आणि त्या तिच्या बोलण्याला हसत होत्या. मी उठून बाहेर आलो.

घरी तिला म्हटलं, "तुझी वाचा घेतली त्या माणसाने."

"वाचायला त्यांनीच शिकवलं, बाबा," ती म्हणाली आणि दिवा लावायला गेली.

तिने माफ केलं असेल. ते तिचं तिच्यापाशी. माझं तसं नाही. शिकवलं ते कबूल, चारचौघांत कबूल. पण माझं लेकरू ऐकू शकत नाही, हे माझ्यापासून लपवायचा हक्क त्यांना कुणी दिला? ते गेले, सुटले. माई, तुम्ही आहात. पहिल्या दिवसापासून तुम्हालाही ठाऊक होतं, आणि रोज माझ्या बायकोबरोबर तुम्ही भाजी निवडत बसायचात. मी उद्या येतो आहे. चहा टाकू नका. समोर बसा आणि सांगा, तुम्ही का गप्प राहिलात?