ब्रशची निगा

रविवारी सकाळी माझा चुलतभाऊ सुधीर बेसिनपाशी उभा राहून आपला इलेक्ट्रिक टूथब्रश साफ करत होता. त्याने ब्रशचं डोकं ओढून काढलं, नळाखाली धरलं आणि दांड्याच्या टोकाशी साचलेला काळपट थर कापसाच्या काडीने इतका हळुवार टिपला, की तान्ह्या बाळाचे कान पुसतोय असं वाटावं. "उभा ठेवून वाळवायचा, नाहीतर बुरशी धरते," त्याने मला बजावलं. एवढी कृतार्थता मी त्याच्या चेहऱ्यावर त्याच्या लग्नातही पाहिली नव्हती.

शेजारीच एका वाटीत काकांची, म्हणजे त्याच्या वडिलांची, कवळी पडली होती. वाटीतल्या गढूळ पाण्यावर तवंग आला होता.

"ही कोण धुतं?" मी विचारलं.

"बाबाच. त्यांचं ते बघतात," ब्रश पुसत तो म्हणाला.

वर्षभरापासून काकांचे हात थरथरतात. त्यांना चहाचा कपही धरवत नाही. वस्तूंना असं जपणारी माणसं मला पूर्वी नीटनेटकी वाटायची. आता त्यांची शिसारी येते. जी वस्तू कधी म्हातारी होऊन हाक मारणार नाही, तिच्यावर माया करायला काय लागतं?

मी कवळी घासून स्वच्छ केली आणि काकांना नेऊन दिली. त्यांनी घाईघाईने तोंडावर हात धरला.

"अगं, तू कशाला हात लावलास?" ते पुटपुटले. मग दाराकडे पाहत, आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "सुधीरला नको हं सांगूस. त्याला किळस येते."