साठचा बल्ब

आमची मनी हल्ली टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सवर झोपते. तो गरम असतो ना, म्हणून. पूर्वी ह्यांच्या मांडीवर झोपायची, पण टायफॉइडनंतर ह्यांची मांडी राहिलीय कुठे? चार घास खाल्ले, की ताट बाजूला सारायचे. "नुसता बसून असतो, भूक कशाची लागणार?" हे उत्तर ठरलेलं.

परवा जेवताना सून म्हणाली, "बाबा, नुसतं बसायलाही दिवसाला बाराशे कॅलरी लागतात. म्हणजे तासाला पन्नास. वॅटमध्ये धरलं तर जवळजवळ साठ."

"म्हणजे आपल्या न्हाणीतल्या बल्बएवढे?" मी विचारलं.

"तेवढेच, पण चोवीस तास. आणि बाबा खातात त्याच्या निम्मं."

हे जन्मभर वायरमन होते. लगेच म्हणाले, "मग उरलेले तीस वॅट येतात कुठून?"

"अंगातून, बाबा. तुमचंच अंग जळतंय."

ह्यांनी ताटाकडे पाहिलं. मी इतकी वर्षं भाकऱ्या थापल्या, पण वाटीभर वरण आणि भिंतीवरचा दिवा एकाच मापात बसतात हे कधी मनात आलं नव्हतं. थंडीत शेजारच्या माणसाची ऊब लागते ना, ती आपणच ताटात वाढलेली असते म्हणायची.

"वाढ अर्धी भाकरी," हे म्हणाले. "आणि तूप घाल."

मनी अजून बॉक्सवरच असते. टीव्ही बघून झाला, की मी आता बॉक्सचंही बटण बंद करते; तो गार पडला, की येईल ती ह्यांच्या मांडीवर.