टबगाडीचं चौथं चाक

सुमंत माझा बालमित्र, आणि मला त्याचा राग येतो, हे आधीच सांगून टाकतो. नेवाशात आमची घरं भिंतीला भिंत लावून. मी शाळेत मास्तर झालो, तो नगरला सरकारी कचेरीत कारकून. तीस वर्षं त्याने लोकांच्या गाड्यांच्या नोंदी केल्या, पण स्वतः सायकलसुद्धा चालवली नाही. डावा डोळा जन्मापासून अधू. खंडेनवमीला अख्खी आळी गाड्या धुऊन हार घालायची, चाकाखाली लिंबू ठेवायची, आणि हा दारात उभा राहून बघायचा. "काय सुमंतराव, यंदा कशाची पूजा? चपलांची?" असं मीच विचारायचो, आणि सगळ्यांत मोठ्याने मीच हसायचो.

गेल्या वर्षी त्याच्या लेकीने, अनन्याने, परदेशातून एक खोकं पाठवलं. आत वीतभर प्लास्टिकच्या गाडीचे सुटे भाग, घरी बसून जोडायचे. गाडी म्हणजे काय, तर आंघोळीचा टब! त्याला चार चाकं, पुढे उघडंनागडं इंजिन आणि गिअरच्या जागी नळाची तोटी. असल्या गाड्यांना तिकडे हॉट रॉड म्हणतात म्हणे. पन्नास वर्षांपूर्वी कुठल्याशा कंपनीने गंमत म्हणून काढलेली, मग बंद पडलेली, आता त्याच जुन्या साच्यातून पुन्हा काढलेली. साचा झिजलेला, म्हणून प्रत्येक भागाच्या कडेला नको असलेला पापुद्रा. तो नखं घासायच्या कानशीने घासण्यात सुमंतचे दोन महिने गेले.

पहिल्याच दिवशी त्याने बायकोला विचारलं, "प्रेमला, खंडेनवमीला ही पूजेत ठेवशील?"

"पुरी झाली तर ठेवीन," प्रेमलावहिनी म्हणाल्या. "अर्धवट नको. खंडित वस्तू पूजेला चालत नाही."

झालं! त्या दिवसापासून त्याला दुसरं काही सुचेना. दुपारी भिंतीवर थाप मारायचा, "अवध्या, ये, हे धर." गम सुकेपर्यंत मी इंजिन धरून बसायचो. कपडे वाळत घालायचे चिमटे लावून टबाच्या दोन बाजू जोडल्या. लाल ज्वाळांची चित्रं बशीतल्या पाण्यात भिजवून एकेक चिकटवली. एका डोळ्याचा माणूस, पण रेघ इकडची तिकडे नाही. असा आनंदात मी त्याला साठ वर्षांत पाहिला नव्हता, आणि तेच मला सोसेना. त्याच्यावर हसायची माझी सवय होती, आता हसायला काही उरेना.

खंडेनवमीच्या दोन दिवस आधी तीन चाकं बसली. चौथं, पुढचं डावं, कोटाच्या गुंडीएवढं, टेबलावर होतं. सुमंत चहा सांगायला आत गेला आणि मी ते खिशात टाकलं. ऐन पूजेच्या सकाळी काढून द्यायचं, जरा मजा करायची, एवढाच बेत होता.

संध्याकाळभर त्याने घर उलथंपालथं केलं. संशय गेला झुंबरबाईवर. ती जामखेडकडची, चौदा वर्षं त्यांच्याकडे धुणीभांडी, केरवारा करणारी. तिच्या घरचे दर साल ऊसतोडीला जायचे. ती मात्र या कामाच्या जिवावर लेकीला, सविताला, घेऊन नेवाशात राहायची. महिन्याभरापूर्वी तिने प्लास्टिकचे तुकडे कचरा समजून झाडून टाकले होते, तेव्हाही सुमंत ओरडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाक परत द्यायलाच निघालो. पाहतो तर झुंबरबाई देवघरापुढे उभी आणि वहिनींच्या हातात ताटली, बेल-भंडाऱ्याची. खंडोबा त्यांचंही कुलदैवत आणि तिचंही. बेल-भंडारा उचलून खोटं बोलायची छाती आमच्याकडे कोणाची होत नाही.

"उचल आणि सांग, तू चाक टाकलं नाहीस," वहिनी म्हणाल्या.

"वैनी, चौदा वरसं झाली मला या घरात," ती म्हणाली. "भंडारा उचलायला लावता व्हय?"

सुमंत मान खाली घालून बसला होता. माझा हात खिशात होता. चाक तेव्हा काढलं असतं तर मोलकरणीदेखत मी चोर ठरलो असतो. मी म्हणालो, "उचल ना, झुंबरबाई. खरी असशील तर भ्यायचं काय?"

तिने भंडारा उचलला, कपाळाला लावला आणि सांगितलं, "म्या न्हाई टाकलं." वहिनींनी तरीही तिला कामावरून काढलं. त्याच दुपारी मी नदीवर गेलो आणि चाक प्रवरेत फेकलं. खंडेनवमीला गाडी कपाटावर राहिली. सुमंतने पुन्हा तिला हात लावला नाही.

काम सुटल्यावर झुंबरबाईला दुसरा आधार नव्हता. दिवाळीनंतर तीही कोयता घेऊन टोळीबरोबर गेली. सवितालाही न्यावं लागलं, सातव्या महिन्याची पोटुशी असताना. फडावरच्या पाचटाच्या कोपीत तिचं मूल गेलं.

चैत्रात झुंबरबाई नारळ घेऊन सुमंतच्या दारात आली. मी तिथेच बसलो होतो. तिच्या हातापायाच्या काड्या झाल्या होत्या.

"सायेब, चाक माज्याच हातनं गेलं आसंल," ती म्हणाली. "केर काडताना. मला ठावं न्हवतं. पन देवाला ठावं हुतं. खोटा भंडारा उचलला म्या, म्हनून सविताचं लेकरू नेलं त्यानं." तिने नारळ देवापुढे ठेवला आणि उंबऱ्याशी डोकं टेकलं.

सुमंतचे डोळे भरून आले. मनाने तो वाईट नाही. तिला उठवत तो म्हणाला, "आता मनात काही ठेवू नकोस, झुंबरबाई. मिळायची ती शिक्षा तुला मिळाली."

मग ती माझ्याकडे वळली. "मास्तर, तुमी शिकल्यालं मानूस. तुमी सांगा. माजं पाप आता तरी फिटलं का वो?"

सुमंत माझ्याकडे बघत होता, वहिनीही दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"फिटलं," मी म्हणालो.

तिने वाकून माझ्या पायांना हात लावला.