मंजू मॅडमचे एकशे बारा चोर

मंजू हरिणखेडे मॅडमना दहावीला गणित शिकवताना ज्यांनी पाहिलं नाही, त्यांना एक गोष्ट आधी सांगायला हवी. ही बाई फळ्यावर रोज एक चूक करायची. मुद्दाम. चेहरा इतका साळसूद की शंका यायला जागा नाही, आणि खडूनं कुठं तरी वजाचं अधिक केलेलं असायचं, नाही तर सूत्रातला एखादा तुकडा गाळलेला. या चुकीला वर्गात ‘चोर’ म्हणत. दुसऱ्या दिवशी तासाची पहिली दहा मिनिटं चोर पकडण्याची. जो पकडेल त्याला मॅडमच्या वाडीतली मूठभर बोरं. “दुसऱ्याच्या गणितातला चोर ज्याले दिसला, त्याच्या गणितात चोर घुसत नाही,” असं त्या म्हणायच्या. आणि ते खरं होतं. बोदलकसा तलावाच्या अलीकडच्या त्या गावात दहावीला गणितात नापास होणारं पोर शोधावं लागे.

एवढं असूनही मॅडम कायम नव्हेत, तासिकेवरच्या. नऊ वर्षं झाली तरी दर जूनला नवा अर्ज आणि संस्थेच्या दारात नवं ताटकळणं.

रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत पोरी शाळेत येत नाहीत, धानाच्या बांधीत वाकलेल्या असतात. धानकापणीला तेच. त्यांचा अभ्यास बुडू नये म्हणून मॅडमनी दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या मोबाइलवर पाठ काढायला सुरुवात केली. अंगणातल्या भिंतीवर काळा रंग दिला, मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवला आणि एकेक करत एकशे बारा पाठ काढले. सवय ती सवय! प्रत्येक पाठात एक चोर ठेवला, आणि प्रत्येक मुद्दा संपला की “समजलं ना?” विचारून थोडं थांबायच्या, समोर पोरं बसली आहेत असं समजून. चोर कुठं लपवला ते एका वहीत लिहून ठेवलेलं. पोरी परतल्या की वर्गात पकडापकडी व्हायचीच, त्यामुळं व्हिडिओत ते सांगायची गरजच नव्हती.

पाठांचं नाव झालं. संस्थेच्या सचिवांनी सव्वीस जानेवारीला मॅडमना शाल-नारळ दिला आणि ते सगळे पाठ पेनड्राइव्हमध्ये मागून घेतले. मॅडमनी हौसेनं दिले. कुणी आपलं काम मागतंय याचाच आनंद इतका, की कशाला हवेत हे विचारायचं सुचलं नाही. घरी सासू जमुनाबाई शालीवरून हात फिरवत म्हणाली, “शाल त रिटायर होणाऱ्याले देतेत. तुले काऊन दिली?”

म्हातारीचं बोलणं मॅडमनी हसण्यावारी नेलं. जूनमध्ये अर्ज घेऊन गेल्या तेव्हा मुख्याध्यापक कापगते सर चष्मा पुसत राहिले. संस्थेनं ॲप काढलं होतं. पोरांनी मोबाइल वर्गात आणायचा, चौघांत एक, आणि ॲपवर पाठ पाहायचा. चित्रकलेचे भूपेंद्र सर वर्गात बसतील. “तुमचेच पाठ हायेत मॅडम,” कापगते सर म्हणाले, “तुमचंच नाव होऊन राहिलं.” नाव मॅडमचं, आवाज मॅडमचा, फक्त मॅडम नकोत. गरज सरो, वैद्य मरो, हे इतक्या गोड आवाजात सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मॅडम घरी आल्या. भांडल्या नाहीत. धान लावलं, कापलं, खळं केलं. रडल्या असतील तर ते बांधीतल्या पाण्यालाच ठाऊक.

जानेवारीत एके दिवशी शेजारची रिंकू अभ्यासाला त्यांच्या अंगणात आली, तिथं नेटवर्क बरं मिळतं म्हणून. ती यंदा दहावीला, म्हणजे मॅडमच्या हाताखाली न बसलेली पहिली तुकडी. मॅडम सुपात तांदूळ पाखडत होत्या आणि मोबाइलमधून त्यांचाच आवाज येत होता. खळ्यावरची धानाची रास म्हणजे शंकू; त्रिज्या सात फूट, उंची तीन; रास चारशे बासष्ट घनफूट. समजलं ना?

सूप हातातच राहिलं. “रिंकू, यातला चोर कुठी हाये?”

“कोणता चोर जी?”

तो खेळ दहावीच्या वर्गातला वर्गातच राहिलेला, त्यामुळं तिला चोर माहीत नव्हता. तिलाच काय, वर्गात कुणालाच माहीत नव्हता. शंकूच्या सूत्रातला एक तृतीयांश मॅडमनी मुद्दाम गाळला होता. रास खरी एकशे चौपन्नाची, चुकीमुळं तिप्पट झालेली. पोरीच्या वहीत मात्र ४६२ सुंदर अक्षरात, खाली दोन रेघा. मॅडमनी वही मागंपुढं चाळली. तिथं सगळे चोर जसेच्या तसे बसले होते, सांभाळून, लाल शाईत. परीक्षा मार्चमध्ये.  नोकरी गेली तेव्हाही मॅडमना इतकं लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या चोरांची वही घेऊन शाळेत गेल्या.

“तुमी असं कायले केलं?” कापगते सरांचा आवाज चिरकला. “व्हिडिओत चूक ठेवाची असते का?”

“सर, पोरी वापस आल्यावर मी वर्गात राहणार होती. म्हणून ठेवली.”

“मंग पेनड्राइव्ह देताना काऊन नाही सांगितलं?”

“तुमी मले काढून फक्त पाठ ठेवसान, हे मले काय माहीत?”

 ॲप आता बदलता येणार नाही, एवढंच सर म्हणाले. सचिवांनी उद्घाटन केलेलं, चार शाळांत चालू, आणि त्यात अभ्यासक्रम शंभर टक्के पूर्ण दाखवत होतं. मॅडमनी हात जोडले. पैसे नको, आठ दिवस द्या, पोरांकडून चोर पकडून घेते. आठ दिवसांची शेवटी दहा मिनिटं झाली, तीही “मी सांगितलं म्हणून सांगू नका” या सरांच्या बोलीवर.

वर्गात चौतीस पोरं, बाकाबाकांवर मोबाइल. मॅडमनी खडू उचलला. आठ महिन्यांनी. शंकू काढला, एक तृतीयांश लिहिला, उत्तर काढलं आणि ठासून सांगितलं, रास एकशे चौपन्न घनफूट.

मागून कुजबुज झाली. रिंकू उभी राहिली. पोरगी गुणी, उद्धटपणाचा लवलेश नाही. “पण मॅडम, ॲपमधी ४६२ लिवलं त हिरवी टिक येते जी. १५४ लिवलं त लाल फुली.”

ॲपमधली चाचणी भूपेंद्र सरांनी पाठ बघून तयार केली होती. पाठात जे होतं ते त्यांनी घातलं. ते बिचारे खिडकीबाहेर पाहू लागले.

“अवो, पाठातली ती मीच होय ना!” मॅडम म्हणाल्या. “मीच सांगून राहिली, ते चुकीचं हाये.”

“हो जी,” रिंकू अडखळली. “पण व्हिडिओतल्या मॅडमनं दोनदा समजावून सांगितलं. मंग पेपरात कोणाचं लिवू?”

मॅडमनी वर्गावर नजर फिरवली. खोडकर कुणी नव्हतं. सगळे चेहरे खरोखर अडचणीत होते, कुणाचा विश्वास धरावा या अडचणीत. एवढी वर्षं आपल्यावर संशय घ्यायला शिकवणारी ही बाई, आणि या पोरांनी पहिल्यांदा संशय घेतला, तो ती खरं बोलत असताना.

तेवढ्यात दहा मिनिटं झाली. कापगते सर दारात येऊन खाकरले. भूपेंद्र सरांनी मान खाली घालूनच पुढचा पाठ लावायला सांगितला. मॅडम खडू हातात घेऊन दारापर्यंत आल्या. मागं त्यांचाच आवाज सुरू झाला, ठणठणीत, हसरा, दोन वर्षांपूर्वीचा. मागच्या पाठाची उजळणी करत त्यानं रास पुन्हा चारशे बासष्ट सांगितली आणि विचारलं, “समजलं ना?” मग तो थांबला.

आणि चौतीस पोरं मोबाइलकडं बघत एका सुरात म्हणाली, “हो मॅडम.”