एक खिडकी आणि सरांचे गुडघे

सर झोपेतच गेल्याचं वॉचमनने सांगितलं आणि मला आधी आठवली ती आदल्या संध्याकाळची त्यांची दमलेली हाक, “जरा टेकतो गं...”

सर तिसऱ्या मजल्यावर, मी दुसऱ्या. बडोद्यात जन्मभर नीतिशास्त्र शिकवलेल्या या माणसाच्या गुडघ्यांनी उतारवयात असहकार पुकारला, म्हणून माझ्या दाराबाहेर मी एक खुर्ची ठेवली होती. गोरवा भागातली आमची सोसायटी जुनी. लिफ्ट बसवायला एकच जागा, पण तिच्यामुळे तळमजल्यावरच्या शालिनीबेनची खिडकी बुजणार होती. त्या खिडकीशी त्यांचे अंथरुणाला खिळलेले यजमान पडून असत. येणारा-जाणारा त्यांना हात करी. सर तर थांबून गप्पा मारत. शालिनीबेन नाही म्हणाल्या आणि मीटिंगमध्ये सगळे त्यांच्यावर तुटून पडले. सर गुडघा धरून उठले. “लिफ्टची सर्वांत जास्त गरज मला आहे. तरी खिडकी त्यांची आहे. त्यांना कोणी गळ घालायची नाही.”

मला मनापासून राग आला. तुम्ही एकदा शब्द टाका, त्या तुम्हाला नाही म्हणणार नाहीत, असं मी सुनावलं.

“म्हणूनच विचारत नाही,” म्हणाले आणि दुधाची पिशवी उचलून चढू लागले.

एरवी टाकी धुण्यापासून नवरात्रीच्या मांडवापर्यंत पहिला हात त्यांचा. समाजासाठी त्याग करायचा तर आपल्या वाट्याचा करावा, दुसऱ्याच्या वाट्याचा करून मोकळं होऊ नये, असं म्हणत. इतका हट्टी आणि इतका सरळ माणूस मी दुसरा पाहिला नाही.

परवा शालिनीबेन वर आल्या, त्याच खुर्चीत बसल्या. “सरांनी मला कधीच का विचारलं नाही?” म्हणाल्या. मी सरांचं उत्तर सांगितलं. त्या म्हणाल्या,

“नाही म्हणायचा माझा हक्क सरांनी सांभाळला. पण हो म्हणायचा हक्क पण माझाच होता ने?”

सर असते तर हरल्याच्या आनंदात त्यांनी चहा मागितला असता.

आता लिफ्ट होणार आहे. शालिनीबेननी स्वतःहून पलंग मागच्या गॅलरीशी हलवलाय. ही खुर्ची आता काढा, असं सेक्रेटरी म्हणाले. मी नाही म्हटलं. बघू, कोण मला गळ घालतं ते.